पायाळूचा घोटा

मी पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना माझं डोकं नाही, पाय आधी आले. आई म्हणते, तेव्हापासूनच या पोरीला घाई. आमच्या ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरांमध्ये ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक, कारण कोणाच्या कंबरेत उसण भरली की मला बोलावणं यायचं. ते माणूस पालथं पडायचं, मी उजव्या पायानं त्याच्या कंबरेवर हलकी लाथ मारायची, आणि उसण जायची. निदान ती गेली असं ते तरी म्हणायचे. मला काय, वर चहा-बिस्कीट मिळायचं.

बाबांना हे अजिबात पसंत नाही. बाबा आमच्या बुद्धविहारात उभे राहून अंधश्रद्धेवर बोलणारे. पण एकदा गॅसचं सिलिंडर उचलताना त्यांचीच कंबर धरली. तेव्हा त्यांनी गुपचूप दार लावून घेतलं आणि चटईवर पालथे झाले. मी म्हटलं, "काऊन बाबा, आता?" तर म्हणतात, "तोंड कमी चालव न् लाथ मार." मी मारली, पण अर्धा तास हसून घेतल्यावर.

मी फुटबॉल खेळते. तेव्हा बारावीत होते आणि मधात खेळायचे. मधात म्हणजे मिडफिल्डला, अगदी ग्राउंडच्या पोटात. मागच्यांचा बॉल घ्यायचा, पुढच्यांना द्यायचा, आणि सगळीकडे आपणच धावायचं. ही जागा मला इतकी आवडायची की दुसरी कोणी चुकूनही तिथं उभी राहिली तर माझा जीव जळायचा. माझ्याशिवाय खेळ हलत नाही, असं माझं पक्कं मत होतं. आणि मी ते मत कोणापासून लपवूनही ठेवलं नव्हतं.

आमचे सर खरं तर शाळेतले सर नव्हेत. ते वीज केंद्रात ऑपरेटर. शिफ्ट संपली की सायकल थेट ग्राउंडवर, गळ्यात शिट्टी, पायात कामावरचेच जाड बूट. स्वतः तरुणपणी खेळलेले. क्वार्टरमधल्या आणि दुर्गापूरकडच्या आम्हा पोट्ट्यांना जमवून त्यांनी टीम उभी केली, तीही कोणी सांगितलं नसताना. त्यांना रागावलेलं मी फार कमी पाहिलं आहे. टीमच्या वाट्याचा सगळा राग माझ्या एकटीकडे होता.

धान कापून झालं की गडचिरोलीकडच्या गावांमध्ये टुर्नामेंट सुरू होतात. धानाच्या रिकाम्या शेतांत, म्हणजे बांध्यांमध्येच, ग्राउंड करतात. एका बांधीत मावत नाही, म्हणून दोन बांध्यांमधला मातीचा उंच धुरा कापून जमीन सपाट करतात, धसकटं खुरप्यानं काढतात, वर चुन्याच्या रेघा. दिसायला एकदम मस्त. पण कापलेल्या धुऱ्याची माती दाबावी लागते, नाहीतर ती जागा भुसभुशीत राहते. त्या वर्षी आम्ही गेलो त्या गावच्या लोकांनी सगळं केलं, मंडप घातला, लाऊडस्पीकर लावला, फक्त ती माती दाबायची राहिली. आणि तो धुरा गेला होता बरोब्बर ग्राउंडच्या मधातून, जिथं मी खेळते.

बॉल माझ्या पायात होता. मागून एक पोरगी आली, तिला चकवायला मी गर्रकन वळले. शरीर वळलं, पाय मात्र मातीत रुतलेला. आतून कट्कन आवाज आला. "माय व!" करून मी अशी ओरडले की लाऊडस्पीकरवाला गप्प झाला. मग मी सगळ्यांवर तोंड सोडलं. त्या पोरीवर, जी माझ्यापासून हातभर लांब होती. रेफरीवर. बांधीवर. रेफरी बिचारा माझ्या डोक्यावर पाणी ओतत होता, त्यालाही म्हटलं, डोक्यावर काऊन ओतून राह्यले, पाय खाली आहे.

ज्यांची बांधी होती त्या घरच्या बाईनं बाज आणवली. मला बाजेवर टाकून चौघींनी तिच्या अंगणात नेलं. तिनं माझा पाय आपल्या मांडीवर घेतला, मातीसकट, आणि गरम हळद-चुन्याचा लेप लावायला बसली. एकीकडे मला म्हणायची, "रडू नोको व माय, पाय आहे ना जागेवर." आणि दुसरीकडे नवऱ्याला, "धुरा कापाले बरं सुचलं तुम्हाले! माती दाबाले का झालं होतं?" नवरा मान खाली घालून लेपाची वाटी धरून उभा. मी इतक्या दुखण्यातही हसले. निघताना तिनं डब्यात भात आणि वालाची भाजी भरून दिली, रस्त्यात खा म्हणाली. ओळख ना पाळख, पण आईनं केलं असतं तेवढं तिनं केलं. तिची आठवण आली की मला आजही बरं वाटतं.

चंद्रपूरला डॉक्टरांना आधी तो वाळलेला लेप खरवडून काढावा लागला. एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, पण घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट फाटलं होतं. पायाला प्लास्टर लागलं, ग्राउंड बंद. संध्याकाळी सर घरी आले. आईनं चहा पुढे ठेवायच्या आधीच मी विचारलं, "सर, माझी जागा?"

सर म्हणाले, "तुझी जागा आहे तिथीच आहे. पाय पक्का झाला की घे."

"नक्की?"

"नक्की व. आता चहा पिऊ दे."

मला दुसरं काही नको होतं. पाय नीट होणार की नाही यापेक्षा, मधात परत जाता येईल की नाही, हाच घोर मला लागला होता. बारावीचा अभ्यास समोर उघडा असायचा आणि मी मनात पास देत बसायचे.

प्लास्टर निघालं. पायाला पट्टी बांधून मी घरातल्या घरात चालायला लागले. सगळं बेस चाललं होतं. आणि एका रविवारी समोरच्या क्वार्टरमधल्या काकू कंबरेला हात लावून, वाकड्या होऊन आमच्या दारात उभ्या. पाण्याची बादली उचलताना उसण भरली होती.

"एक लाथ मार ना व, सरळ होता येऊन नाई राह्यलं."

मी म्हटलं, "काकू, उजवा पाय तर अजून पट्टीत आहे."

"मंग डाव्यानं मार. पायाळूले उजवा न् डावा सारखाच."

आई-बाबा विहारात गेले होते. घरात अडवणारं कोणी नाही. काकू चटईवर पालथ्या झाल्या. आता नीट बघा, डाव्या पायानं लाथ मारायची म्हणजे उभं कशावर राहायचं? उजव्यावर! एवढी साधी गोष्ट ना माझ्या डोक्यात आली, ना काकूंच्या. मी डावा पाय उचलला, उजवा घोटा लटपटला, कोपऱ्यातल्या टेबलाला धरायला गेले तर ते सरकलं, आणि पाय परत तिथंच मुडपून मी धाडकन काकूंच्या अंगावर.

काकू दचकून ताडकन उठून बसल्या. कंबर चाचपली. "अव माय, गेली! माझी उसण गेली व!" असं म्हणून त्यांनी आनंदानं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी घोटा धरून कळवळत होते. मग त्या रडायला लागल्या. मीही रडत होते. बाबा दारात आले तर आम्ही दोघी चटईवर बसून गळे काढून राह्यलो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाले, "विहारात लोकांले मी काय सांगू आता?"

परत एक्स-रे, परत प्लास्टर. या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की लिगामेंट आता जास्त फाटलं आहे, व्यायाम नीट केला नाही तर पाय कायम लचकत राहील. उन्हाळ्यात जिल्ह्याच्या टीमची निवड होती, ती तर गेलीच. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आईनं ताट आणलं की "नोको", बाबा बोलायला आले की "नोको". खरं सांगते, मी घाबरले होते. धावताच आलं नाही तर मधात कोण उभं करणार मला?

प्लास्टर निघालं त्या दिवशी काकू स्कूटीची किल्ली बोटात फिरवत आल्या. "चल. मी पाडली, मीच उभी करीन." बाबांची ड्युटी कोळशाच्या प्लांटवर, आईला स्कूटी येत नाही. फिजिओथेरपीला चंद्रपूरला दिवसाआड जायचं होतं. काकूंनी एकही खेप चुकवली नाही. एप्रिल-मेच्या उन्हात, जेव्हा चंद्रपूरचं माणूस दुपारी दाराबाहेर पाय ठेवत नाही, तेव्हा त्या डोक्याला दुपट्टा गुंडाळून, समोर ताकाची बाटली लटकवून मला मागे बसवून न्यायच्या.

फिजिओथेरपिस्ट मॅडम माझ्याहून थोड्याच मोठ्या. त्यांनी मला पहिल्या दिवशी एका पायावर उभं राहायला सांगितलं. मला हसू आलं, हे काय, लहान पोरांचा खेळ! उभी राहिले आणि लगेच पडले. मग उशीवर उभं राहा. मग उशीवर डोळे मिटून. रबरी पट्टा पंजात अडकवून पाय बाहेर ओढा, आत ओढा. माझं डोकं फिरायचं. मी विचारायचे, "धावणं कधी?" त्या म्हणायच्या, "उभं राहता तर येऊ दे." शेजारी काकूही पदर खोचून एका पायावर उभ्या. मॅडमनी एकदा विचारलं, "दोघींपैकी पेशंट कोण आहे?" गंमत म्हणजे त्या व्यायामानं काकूंची कंबर अशी सुधारली की त्यांना परत कधी उसण भरली नाही. कॉलनीत मात्र त्या अजून सांगतात, पोरगी अंगावर पडली तिचाच गुण.

मी त्यांना एकदा म्हटलं, काकू, तुमचे उपकार कसे फेडू? तर म्हणे, "उपकार कायले व? तू नसती पडली त मी घरात बसून टीव्हीच पाहत होती." पण मला ठाऊक आहे. त्या स्कूटीवर मागे बसून मी किती चिडचिड केली, किती रडले, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. माझ्या पायात आज जे बळ आहे त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

याच काळात सरांनी माझ्यासाठी ग्राउंडवर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली, आमच्या गोलच्या मागे. म्हणाले, घरी सडू नोको, इथी येऊन बस. मी गेले, पण तोंड फुगवून. माझ्या जागेवर दुर्गापूरची एक पोरगी खेळत होती. शांत, कमी बोलणारी, पळायला चपळ. मी खुर्चीवर बसून फक्त तिच्या चुका शोधायचे. खोटं कशाला बोलू.

पण गोलच्या मागून बघताना एक वेगळीच गोष्ट झाली. मधात खेळताना मला बॉल दिसायचा आणि आसपासचे दोन-चार पाय दिसायचे. इथून सगळं ग्राउंड दिसत होतं. कोण मोकळी आहे, कोण झोपली आहे, समोरची कोणत्या बाजूनं घुसणार आहे, हे घुसायच्या आधी कळायचं. आता कळलं आणि मी गप्प बसले, असं होणार आहे का? मी ओरडायला लागले. "डावीकडे बघ! तुझ्या मागून येऊन राह्यली!" "अव, पुढे नोको जाऊ, थांब तिथी!" सुरुवातीला आमच्या मागच्या पोरी वैतागल्या. मग ऐकायला लागल्या. आमची गोलकीपर, दोन खांबांच्या मधात एकटीच उभी असायची बिचारी, एकदा मागे वळून म्हणाली, "तू बोलत राह्य व. मले भेव नाई वाटत."

पावसाळा उतरल्यावर मॅडमनी खेळायची परवानगी दिली, पण थोडी. गर्रकन वळायचं नाही, पायाला पट्टी बांधूनच उतरायचं. मी नाचत ग्राउंडवर गेले. सरांनी जर्सी दिली आणि म्हणाले, "स्टॉपरले उभी राह्य."

स्टॉपर म्हणजे मागची. गोलकीपरच्या पुढची, शेवटची भिंत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"काऊन? मी म्हातारी झाली काय?"

"पाय पक्का होईपर्यंत. मागच्या जागेवर वळावं कमी लागते."

"आणि माझी जागा?"

"सांगितलं ना तुले. पाय पक्का झाला की घे." मग शिट्टी तोंडाकडे नेता नेता म्हणाले, "तसंही तुझ्या पायापेक्षा तुझं तोंड जास्त कामाचं आहे."

मी तो अपमान समजले आणि स्टॉपरला जाऊन रागारागानं उभी राहिले. राजुऱ्याला खेळलो, बल्लारपूरला खेळलो. मी मागे उभी राहून पूर्ण वेळ ओरडायचे. घसा बसायचा. हळूहळू पायापेक्षा डोळे जास्त वापरायला शिकले. आधी मी बॉलच्या मागे धावायचे. आता बॉल जिथं येणार तिथं आधीच जाऊन थांबायचे, आणि तो मुकाट्यानं यायचा. राजुऱ्याची एक पोरगी पूर्ण सामन्यात माझ्यापुढे जाऊ शकली नाही, शेवटी चिडून मलाच म्हणाली, "तुले कसं माहीत पडते बे?" मला आतून गुदगुल्या झाल्या. पण सरांना हे कळू देईन तर शपथ. दर आठवड्याला माझं एकच, "सर, लक्षात आहे ना?" आणि त्यांचंही एकच, "आहे व बाई."

हिवाळ्यात एक दिवस मॅडमनी माझा पाय सगळ्या बाजूंनी वळवून पाहिला, उड्या मारायला लावल्या, डोळे मिटवून उभं केलं. म्हणाल्या, आता कुठंही खेळ, कसंही वळ. काकूंनी तिथंच माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. पुढच्याच रविवारी वरोऱ्याला सामना होता. सरांनी जर्सी वाटताना माझ्याकडे बघितलं आणि नुसतं म्हणाले, "आज मधात."

सर शब्दाला जागले. दुर्गापूरची पोरगी बाजूला जाऊन बसली. इतके महिने मी जे मागत होते ते मला मिळालं होतं.

मी मधात उतरले. पाय एक नंबर! बॉल आला, मी घेतला, गर्रकन वळले, पायानं साथ दिली. कुठं कळ नाही, कुठं भीती नाही. बाहेरून काकू ओरडत होत्या, "पाहा, माझी पोरगी पाहा!" माझे डोळे भरून आले. त्या क्षणी बाजेवाल्या बाईपासून मॅडमपर्यंत सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आणि थोड्या वेळात मला कसंतरीच व्हायला लागलं. मागे चिडीचूप होतं. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं. मी मान वळवून बघायचे, तर आमच्या दोघी बॅक एकमेकींच्या तोंडाकडे बघून राह्यल्या. मधातून ओरडावं तर समोरचं कळेना, समोर बघावं तर मागचं दिसेना. माझा सगळा जीव मागे अडकलेला. एकदा मी अशीच मागे बघत होते आणि बॉल माझ्या पायाजवळून निघून गेला. वरोऱ्याच्या पोरीनं तो उचलला, दोघी बॅकच्या मधातून सरळ गेली, कोणी तिला अडवायलाच आलं नाही. गोल झाला. आमची गोलकीपर जाळीतून बॉल काढताना कोणावर रागावली नाही, नुसती खाली बघत राहिली.

हाफटाइमला काकू संत्री सोलून वाटत होत्या. मी घेतलं नाही. सरांपुढे जाऊन उभी राहिले.

"सर, मले मागं टाका."

सरांनी आधी माझ्या घोट्याकडे पाहिलं. "दुखून राह्यला काय?"

"नाई. एकदम ठणठणीत आहे."

"मंग?"

वर्षभर ज्या जागेसाठी सगळ्यांचं डोकं खाल्लं, ती मी स्वतःच्या तोंडानं परत देत होते. म्हटलं, "तिथी मागं कोणी बोलून नाई राह्यलं, सर."

 सरांनी दुर्गापूरच्या पोरीला हाक मारली, "चल व, मधात जा." ती माझ्याकडे बघत उठली. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, बिनधास्त खेळ, मागचं मी पाहते. शिट्टी झाली. मी गोलच्या समोर माझ्या जागेवर येऊन उभी राहिले, हात कंबरेवर ठेवले, आणि पहिल्या बॉललाच घसा फाडून ओरडले, "डावीकडे बघ व, डावीकडे!"

मागून गोलकीपरचा आवाज आला, "आली का व?"